दारू सुटल्यावर मेंदू सावरेपर्यंत: घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"सांगून सांगून तोंड दुखलं, पण याच्या डोक्यात काही शिरतच नाही." दारू सोडलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्या घरीही मी ते कितीतरी वेळा म्हटलं आहे.

बरीच वर्षं रोज भरपूर प्यायलेल्या माणसाच्या मेंदूला इजा झालेली असू शकते. नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, कामाचा बेत आखणं, मोह आवरणं, आपलं काय बिघडलंय हे स्वतःला कळणं, हे सगळं त्यामुळे लंगडं पडतं. आणि व्यसनमुक्तीचा उपचार तर याच गोष्टी मागतो: ठरलेल्या तारखेला या, ऐकलेलं लक्षात ठेवा, तलफ आली की थांबून विचार करा. ज्याला हे जमत नाही त्याच्यावर 'मनावरच घेत नाही' असा शिक्का बसतो, आणि तो माणूस उपचार अर्ध्यावर सोडतो.

इंदूरला माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या बाबतीत आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. तिसऱ्या दिवशी खजराण्याच्या गणपतीपुढे शपथ, पहिल्या आठवड्यात तासन्‌तास समजावणं, महिना झाला की दुकानाच्या किल्ल्या हातात. आता इतर मराठी कुटुंबांबरोबर बसते तेव्हा याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून हा क्रम लिहिते आहे. औषध कोणतं, किती, हे डॉक्टरच ठरवतील. घरच्यांच्या हातात काय आहे तेवढंच इथे सांगते.

## आधी तयारी: एक वही

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका वहीत लिहून काढा. रोज किती क्वार्टर, किती वर्षं, शेवटचा घोट कधी घेतला. पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का. डोक्याला कधी मार लागला होता का, अगदी दोन महिन्यांपूर्वी गाडीवरून पडला असेल तरी लिहा. जेवण किती होतं, उलट्या होतात का, वजन घटलंय का. यकृताचे जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची नावंही वहीत ठेवा.

हे रुग्णाला विचारून लिहू नका, किंवा विचारलंत तरी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्या. त्याला खरंच आठवत नसतं, आणि रिकामी जागा तो अंदाजाने भरतो.

## टप्पा १: घरच्या घरी एकदम बंद करू नका

रोज जास्त पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका बहुतेक पहिल्या ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी जोरात धावते. यात माणूस दगावू शकतो. शिवाय विड्रॉलचा, म्हणजे दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचा, असा प्रत्येक जोरदार झटका मेंदूला पुन्हा इजा करतो. 'खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल' हा उपाय म्हणूनच अंगावर येतो.

दारू बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आधी फिट आलेली असेल, वय झालेलं असेल, यकृत खराब असेल किंवा खाणं बंद असेल, तर दवाखान्यात भरती करूनच.

इशारा: फिट, भ्रम, ताप किंवा शुद्ध हरपणे, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा सरळ एमवायच्या (इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या) इमर्जन्सीत न्या. सकाळची वाट पाहू नका.

खासगी केंद्रात ठेवणार असाल तर दोनच प्रश्न आधी विचारा: पहिले पाच दिवस रोज डॉक्टर पाहतात का, आणि घरच्यांना भेटू देता का? साखळीने बांधण्यावर मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ नुसार पूर्ण बंदी आहे. जिथे मारहाण किंवा बांधून ठेवणं हा 'उपचार' असतो, तिथून माणूस परत आणा. डोक्यावर बसलेला एक फटकासुद्धा आधीच दुखावलेल्या मेंदूला परवडत नाही.

## टप्पा २: आधी बी-१, मग ग्लुकोज

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, आणि ते टाळणं सगळ्यात सोपं आहे.

मेंदूला साखरेपासून ऊर्जा बनवायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. पिणारा माणूस जेवत नाही, जेवला तरी आतडी ते नीट शोषून घेत नाहीत. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवली, की उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होतं आणि मेंदूला आणीबाणीचा त्रास होऊ शकतो. त्याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर तो बऱ्याच अंशी परतवता येतो. उशीर झाला तर कोर्साकोफ सिंड्रोम मागे राहतो: जुनं आठवतं, बोलणं छान चालतं, पण नवीन काही टिकत नाही.

घरच्यांनी तीन खुणा पाहायच्या. गोंधळलेपणा. डोळे थरथरणं किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं. आणि पाय फाकवून, झोकांड्या खात चालणं, तेही प्यायलेला नसताना. तिन्ही खुणा एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. म्हणून एक दिसली तरी जा.

डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा: "सलाईनच्या आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं का?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. साखर धोकादायक पातळीला उतरली असेल तर ग्लुकोज थांबवत नाहीत, दोन्ही लगोलग देतात. ते डॉक्टर पाहतील. मेडिकलमधून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची गोळी या वेळी पुरत नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिनचाही नीट उपयोग होत नाही, तेही तपासायला सांगा.

घरी आल्यावर पोळी, वरण, उसळ, शेंगदाणे, तीळ असं जेवण वेळेवर द्या. सकाळी पोहे-जिलबी आणि दिवसभर चहा, एवढ्यावर इंदुरी माणूस आनंदाने दिवस काढतो. या काही महिन्यांत ते चालणार नाही.

तपासा: डिस्चार्जच्या कागदावर थायमिन लिहिलंय का? ते किती दिवस घ्यायचं, हे विचारून वहीत उतरवलंय का?

## टप्पा ३: दोन-तीन आठवडे काहीही ठरवू नका

दारू सुटल्यावर पहिले दोन-तीन आठवडे डोकं धूसर असतं. झोप विस्कटलेली, त्यात विड्रॉलच्या गोळ्यांची गुंगी. या काळात केलेली स्मरणशक्तीची चाचणी खरं चित्र दाखवत नाही. या काळात घेतलेली शपथही त्याच्या लक्षात राहील याची खात्री नाही.

दादाने खजराण्याला हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून शपथ घेतली होती. आठ दिवसांनी मी त्याला त्याची आठवण दिली, तर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण खजराण्याला कधी गेलो होतो?" मला वाटलं, नाटक करतोय. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला त्या अबोल्याचं कारणही कळलं नव्हतं.

या काळात एवढंच करा: झोप, जेवण, पाणी, औषध, थोडं चालणं. मागचा हिशेब काढू नका. नोकरी, दुकान, वाटणी यावर बोलू नका. आणि कोणत्याही कागदावर त्याची सही घेऊ नका. 'शुद्धीवर आहे तोवर घर नावावर करून घेऊ' असं म्हणणारे नातेवाईक याच आठवड्यांत येतात. अशी सही पुढे कोर्टात आव्हानाला तोंड देत बसते, आणि त्या माणसाचा घरावरचा विश्वास कायमचा जातो.

## टप्पा ४: आता तपासणी, आणि दुसरी कारणंही शोधा

तीन आठवडे झाले की डॉक्टरांना मेंदूच्या क्षमतेची चाचणी करायला सांगा. मोका नावाची ३० गुणांची छोटी चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्यात घड्याळ काढणं, शब्द लक्षात ठेवणं, उलटी मोजणी असं असतं. कमी शिकलेल्यांना गुण कमी पडतात, त्यामुळे शिक्षण किती ते सांगा.

आपल्याकडची एक अडचण इथे आडवी येते. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, हिशेब हिंदीत. इंदूरच्या कित्येक मराठी घरांत असंच आहे. ज्या भाषेत माणूस मनातल्या मनात आकडे मोजतो, त्या भाषेत चाचणी मागा. दादा 'शंभरातून सात वजा करा' यावर अडखळला आणि 'सौ में से सात घटाओ' म्हटल्यावर बराच पुढे गेला.

दारूच्या माथी सगळं मारून मोकळे होऊ नका. ही कारणंही तपासून घ्या:

- जुना डोक्याचा मार. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि आठवड्यांनंतर गोंधळ दिसू लागतो. स्कॅन लागतो.
- यकृत. दिवसा झोप, रात्री जाग, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, असं असेल तर लगेच दाखवा. यात बद्धकोष्ठतेनेही डोकं बिघडतं.
- बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर.
- उदासी. खिन्न माणसालाही काही आठवत नाही. मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.
- झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या ठरल्यापेक्षा लांबलेल्या. त्याही स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू उतरवतील.

## टप्पा ५: समजावण्याची पद्धत बदला

समुपदेशकाला चाचणीचा निकाल दाखवा. हे बहुतेक कुटुंबं करतच नाहीत, आणि समुपदेशक बिचारा धडधाकट स्मरणशक्तीच्या माणसासाठी आखलेलं तासाभराचं सत्र तसंच घेत राहतो. त्यांना सांगा: पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच मुद्दा, शक्य असेल तर आठवड्यात दोनदा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी घरच्यांनी आठवण करायची. तारीख चुकणं हा या आजाराचा भाग आहे, त्यावरून नाव कापलं जाऊ नये.

घरी बोलताना:

परीक्षा घेऊ नका. "काल काय सांगितलं होतं, आठव बघू!" असं डिवचलं की तो अंदाजाने काहीतरी सांगतो, आणि दुबळ्या स्मरणशक्तीत तो चुकीचा अंदाजच पक्का बसतो. उत्तर आधी आपण सांगा, मग त्याला म्हणू द्या.

अंतर वाढवत विचारा. "तलफ आली की कोणाला फोन करायचा? वहिनीला. सांग, कोणाला?" एका मिनिटाने पुन्हा, मग पाच, मग पंधरा, मग अर्ध्या तासाने. चुकला तर उत्तर सांगून आधीच्या अंतरावर परत या. वेळ लागतो, पण टिकतं.

'समजलं ना?' विचारू नका. त्याला 'हो' हेच उत्तर येतं. "मग आता काय करणार ते सांग" असं विचारा.

हाताने करून घ्या. ऐकलेलं विसरलं तरी हाताला लागलेली सवय बऱ्याचदा राहते. फोन लावायचा हे दहा वेळा सांगण्यापेक्षा दहा वेळा लावायला लावा.

आता खोटं बोलण्याबद्दल. दादा एकदा सकाळी चहा पिताना म्हणाला, "काल रात्री बाबांबरोबर सराफ्यात गेलो होतो, भुट्टे का कीस खाल्ला." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. वहिनीचा कप हातातच राहिला. तो थट्टा करत नव्हता, काही लपवतही नव्हता. कालच्या रात्रीची जागा रिकामी होती आणि मेंदूने तिथे एक जुनी, खरी आठवण आणून बसवली होती. अशा वेळी भांडू नका आणि 'हो हो' करून खेळही लांबवू नका. वहिनीने केलं ते मला अजून नमुना वाटतं. ती म्हणाली, "बाबांबरोबर तुम्ही खूपदा जायचात. काल आपण घरीच होतो, खिचडी केली होती." आणि चहा पुढे केला.

अर्थात प्रत्येक खोटं आजारातलं नसतं. पैसे किंवा बाटली लपवण्यासाठी सांगितलेलं खोटं बहुधा त्याच्या फायद्याचं असतं. आजारातल्या कहाणीतून त्याला काहीच मिळत नाही. हा फरक पाहून वहीत नोंद करा, डॉक्टरांना उपयोग होतो.

आळसाचंही तसंच. 'आंघोळ करतो' म्हणून दोन तास पलंगावर बसून राहणारा माणूस ऐकत नाही असं वाटतं. सुरुवात करून देणारी मेंदूतली कळच अडकलेली असते. "दादा, ऊठ. टॉवेल घे. बादली भरली आहे." एका वेळी एक वाक्य, आवाज न चढवता.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, सभेला जात असेल तर एकच सभा, एकच जागा, सोबत एकच माणूस ठेवा. तिथल्या जुन्या सदस्याला स्मरणशक्तीचं सांगून ठेवा, म्हणजे आयुष्याचा लेखाजोखा मांडायची घाई तो करणार नाही.

## टप्पा ६: घराची मांडणी

जे डोक्यात राहत नाही ते भिंतीवर राहू द्या. आमच्याकडे फ्रिजशेजारी पांढरा बोर्ड आहे. त्यावर फक्त आजचं: वार, तारीख, औषधाच्या वेळा, एक काम, संध्याकाळी कोण घरी असेल. काम झालं की दादा स्वतः खूण करतो. पहिले पंधरा दिवस बोर्डकडे बोट दाखवावं लागलं, मग तो स्वतः जाऊन उभा राहू लागला. आमची सुरुवातीची चूक म्हणजे आठवड्याचं सगळं त्यावर लिहिलं होतं. त्याला त्यातलं आजचं कोणतं तेच सापडेना.

औषधं वारांच्या खणांच्या डबीत, भरणार घरचं माणूस. फोनवर गजर, पण गजराबरोबर काय करायचं तेही लिहिलेलं. चाव्या, चष्मा, पाकीट यांची एकच जागा.

पैसे टप्प्याटप्प्याने. आधी रोजच्या खर्चापुरते, फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी केलेली, गल्ल्यावर शेजारी कोणीतरी. हे त्याच्याशी बोलून, लिहून ठरवा. चोरून कार्ड काढून घेतलंत तर तुमच्यावरचा भरवसा जाईल. गाडी चालवणं डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत बंद. गॅसजवळ एकटं काम नको.

इशारा, आणि हा गंभीर आहे: डायसल्फिराम नावाची गोळी घेतल्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होतं, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. गोळी घेतल्याचं ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याच्यासाठी ती किती सुरक्षित हे डॉक्टरांनी ठरवायचं. वरणात किंवा चहात लपवून ती कधीही देऊ नका.

याच्याच जोडीला आणखी एक. 'स्मरणशक्ती वाढेल' म्हणून मावशी-काकू सारस्वतारिष्ट आणून देतात, ताकदीसाठी द्राक्षासव. आसव आणि अरिष्टांमध्ये आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. बाटली घरात घेण्याआधी लेबल वाचा.

## टप्पा ७: अवघड दिवसांची तालीम

'मोह आवर' हा सल्ला या मेंदूला पेलत नाही. आयत्या वेळी विचार करावा लागू नये, म्हणून 'असं झालं तर हे करायचं' अशी दोन-तीनच वाक्यं पक्की करा. "कोणी ग्लास पुढे केला, तर 'डॉक्टरांनी मना केलंय' म्हणायचं आणि तिथून निघून वहिनीला फोन करायचा." हे त्याच्या हातून कार्डावर लिहून घ्या, कार्ड पाकिटात. मग घरात प्रत्यक्ष नाटक करा: एकाने मित्र व्हायचं, ग्लास पुढे करायचा, आग्रह करायचा. लाज वाटते, पण करा.

आपल्याकडचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा: रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांकीची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र, लग्नाच्या वराती, पगाराची तारीख. पहिल्या वर्षी राजवाड्याच्या गर्दीत न्यायचा हट्ट धरू नका. त्या दिवसांसाठी दुसरा कार्यक्रम ठरवा, नुसतं 'जाऊ नकोस' म्हटलं की रिकामा दिवस समोर उभा राहतो. आणि रोजच्या वाटेवर कलाली, म्हणजे दारूचं दुकान, लागत असेल तर वाट बदला. नवी वाट त्याच्याबरोबर आठवडाभर चालून दाखवा.

## टप्पा ८: तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा पाहा

दारू पूर्ण बंद राहिली तर लक्ष आणि विचार करण्याची क्षमता पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत बरीच सुधारते, आणि सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालू राहते. वय जास्त असेल तर वेग कमी. त्यामुळे तीच चाचणी पुन्हा करून घ्या आणि मदत त्यानुसार सैल करा. आधी औषधाची डबी त्याला भरू द्या, आपण फक्त पाहा. मग आठवड्याचे पैसे. मग दुकानाचा अर्धा दिवस. एका वेळी एकच गोष्ट सोडा आणि दोन आठवडे थांबा. बोर्ड मात्र काढायची घाई नको. दादा बरा झाला म्हणून आम्ही चौथ्या महिन्यात तो काढला आणि त्याच आठवड्यात दोनदा औषध चुकलं.

मध्ये प्यायला, तर पहिला प्रश्न 'का?' असा विचारू नका. किती, किती दिवस आणि जेवण सुटलंय का, हे पाहा. सलग काही दिवस प्यायला असेल तर परत टप्पा १ आणि २, म्हणजे डॉक्टर आणि थायमिन. मग शांतपणे पाहा की आखलेल्यातलं काय निसटलं: कार्ड पाकिटात होतं का, फोन उचलायला कोणी होतं का.

वर्षभर दारू न पिताही नवीन काही टिकत नसेल, किंवा स्मरणशक्ती आणखी ढासळत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. दारू बंद असताना बिघाड वाढत जाणं हे दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्या दिवसापासूनची वही सोबत न्या. व्यसनाबद्दल फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. फोन करताना तीच वही आणि पेन जवळ ठेवा, आणि पलीकडून सांगितलेलं तिथल्या तिथे लिहून घ्या.